मोत्याचे हरभरे

दसरा, संध्याकाळ. पवनार.

दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. आमचे खापरपणजोबा घोडदळात साधे स्वार होते. घोडा त्यांचा स्वतःचा. तो मेला आणि नोकरीही गेली. खोगिराची एक पितळी रिकीब खांद्याला अडकवून ते पायी घरी आले. दरवर्षी दसऱ्याला आम्ही ती रिकीब चिंचेने घासून पाटावर मांडतो. घरात कुणी जेवायच्या आधी आई तिच्यापुढे मूठभर भिजवलेले हरभरे ठेवते आणि म्हणते, "मोत्या, जेवजो बापा." मोत्या म्हणजे तो घोडा.

आज माझ्या बायकोनं, मंदानं, चवळीच्या शेंगा मोडता मोडता विचारलं, "आई, घोड्याचं नाव ठाव आहे. मंग त्या स्वाराच्या बायकोचं काय होतं?"

मला तर पन्नाशीपर्यंत हा प्रश्नच पडला नाही. काऊन? स्वार वर्षानुवर्षं बाहेर, मोत्याही त्यांच्यासोबत. मग धाम नदीच्या काठी भाजीपाला लावून लेकरं जगवली कुणी? त्याच वावरावर आम्ही आजही जगतो. आणि मी आजवर मोत्यालाच हात जोडत आलो.

आई उठून चुलीपाशी गेली. वाटलं, मंदावर रागावली. पण जेवायला बसताना पाहिलं, तर मोत्याच्या हरभऱ्यांशेजारी एक ताट वाढलेलं होतं. पुरणपोळी, चवळीची भाजी.

मी विचारलं, "ताट ठेवताना नाव काय घेतलं?"

"नाव नाई माहीत," आई म्हणाली. "म्हणून काय तिले उपाशी ठेवाचं?"