बाभळीखालचा तुकडा आणि नानांची धूळपेरणी

जळगाव, आखाजीनंतरचा सोमवार, १९५५

तीर्थस्वरूप तोतारामनाना यांच्या पायांवर भाचा लीलाधर याचं डोकं. मी इकडे खुशाल आहे. तुमचा गुडघा, यशोदामामीचा खोकला आणि काळी म्हैस यांची खुशाली कळवावी (म्हशीची आधी कळवलीत तरी मामी रागावणार नाही).

नाना, आमच्या सरकारी शेतावर या साली एकच तुकडा रिकामा आहे, बाभळीखालचा. त्यात कोणता प्रयोग करायचा ते साहेब ठरवणार, आणि तो मला मिळावा म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय. दुपारी केळीच्या सावलीत, पाटाच्या पाण्यात पाय सोडून मी नुसते प्रयोग बघत बसतो. पानांतून हिरवा उजेड अंगावर येतो, पाणी कुठल्या कुठे निघून जातं, आणि मीही (सरकार याचा पगार देतं हे मामीला सांगू नका). अशाच तंद्रीत पहिला प्रश्न सुचला: गाणं ऐकवलं तर केळ लवकर निसवून घड टाकते का? साहेबांनी शांतपणे विचारलं, "निसवली, तर खानदेशभर गवई नेमणार का?" नाही म्हटलं. "मग कशाला?"

दुसऱ्यांदा आखाजीच्या सणाची ढेकळं नेली. घागरीखाली पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवायची आणि जे भिजेल त्या महिन्यात पाऊस धरायचा, हे खरं की खोटं ते बघू, म्हटलं. साहेब म्हणाले, "खोटं ठरलं तर तुमचे नाना ढेकळं ठेवायचं सोडतील?" माझ्या डोळ्यांपुढे तुमचा चेहरा आला. मी तसाच पाटावर परतलो. त्यांचं म्हणणं एवढंच, की उत्तर हो आलं काय नि नाही आलं काय, माणूस जर तेच करणार असेल तर बियाणं, पाणी आणि अख्खं साल का नासावं? बोलतात गोड हो, पण मला असा राग आला!

तिसऱ्यांदा मात्र तुमची धूळपेरणी नेली. पावसाआधी कोरड्या मातीत कपाशी टाकावी, की ओल झाल्यावर? निम्मा तुकडा असा, निम्मा तसा. साहेब पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. मी आनंदाने बाहेर पडलो तो थेट पाटात (गार वाटलं, म्हणून तसाच पडून राहिलो). वर एक ढग नव्हता, आणि मला सगळीकडे कापूसच फुटलेला दिसत होता.

मामीस नमस्कार.

तुमचा,
लीलाधर

ता. क. तुकडा अजून मिळालेला नाही. साहेब म्हणतात, धूळपेरणी हरली तर ती सोडीन असं नानांच्या हातचं लिहून आणा, मग तुकडा तुमचा. तेवढ्या दोन ओळी शनिवारच्या आत पाठवा. "कसाले रे भो? बापजादे काय येडे होते?" हे तुम्ही म्हणणारच. ते म्हणून झालं की लिहा.

आणखी एक ता. क. साहेबांनी मलाही सोडलं नाही. "आणि नाना जिंकले तर तुम्ही काय बदलाल?" माझ्या तोंडून निघून गेलं, नोकरी सोडून त्यांच्या शेतात जाईन. तुम्हाला तर तेच हवंय! पण नाना, आता त्या बाभळीखाली उभं राहिलं, की कोणत्या बाजूची कपाशी वर यावी असं मला वाटतंय तेच कळेना झालंय. तसं साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "आता कुठे हा प्रयोग करण्याजोगा झाला." लवकर लिहा, नाना.