दाराशी थांबलेली पावलं

आई, लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? ताई येऊन जाते ना?

आमचा गेम एकदाचा तयार झाला. ज्या अनोळखी लोकांनी ऑनलाइन वर्गणी काढून तो उभा केला, त्यांना आधी खेळायला पाठवला. त्यातल्या रिकाम्या घरात जिन्यावर पावलं वाजतात, ती बाबांची आहेत. मागे घरी आलो होतो तेव्हा गेमसाठी रात्रीचे आवाज टिपायला रेकॉर्डिंग चालू ठेवून पडलो होतो. बाबा जिना चढून माझ्या दाराशी येऊन थांबले. तू हळूच म्हणालीस, "झोपलाय तो, चला आता," आणि दोघं परत गेलात.

गेममध्ये बोलणं नको, म्हणून तुझ्या वाक्यापासून पुढचं सगळं, परतीची पावलंही, मी कापून टाकलं. आता बाबा नाहीत, आणि वर्गणीदार एकच विचारतात: हा माणूस दाराशी येतो, मग परत का जात नाही?

घाबरू नकोस, पण हल्ली माझ्या इथल्या दाराशीही कोणीतरी येऊन थांबतं.

रविवारी तुझा फोन आला की स्पीकरवर टाकून दाराजवळ धरीन. तेव्हा म्हणालीस तेवढंच एकदा पुन्हा म्हण.

तुझाच,
धाकटा