व्यंगचित्र क्रमांक ३७ मधील शेळीबाबत खुलासा

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी,
पुणे जिल्हा, पुणे.

अर्जदार : अपूर्वा माधवराव ओझरकर, वरिष्ठ चाचणी अभियंता, मेघवेध सिस्टिम्स, तळेगाव.
राहणार : लोणावळा, ता. मावळ.

विषय : कंपनीने पुरावा म्हणून दाखल केलेली शेळी काल्पनिक असल्याबाबत व खऱ्या वस्तुस्थितीची नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : १) श्री. तुषार नवसू लोहकरे यांचा निलंबनाविरुद्धचा तक्रार अर्ज, दि. ७ जुलै २०२५.
२) कंपनीचे लेखी उत्तर, दि. २८ जुलै २०२५ (सोबत व्यंगचित्रे, ४१ नग).

महोदय,

१. उपरोक्त संदर्भ क्र. २ सोबत जोडलेली एकेचाळीस व्यंगचित्रे मी काढलेली आहेत. मी या प्रकरणात पक्षकार नाही व मला कोणी साक्षीस बोलावलेले नाही. तरीही हा अर्ज करीत आहे, कारण माझ्या हातून निघालेल्या एका शेळीमुळे एका माणसाची नोकरी जात आहे.

२. प्रोग्रॅममधील चुका शोधणे हे माझे काम. कार्यालयातील चुका शोधणे ही माझी खोड. नोव्हेंबर २०२३ पासून दर दुसऱ्या सोमवारी मी तीन चौकटींचे एक चित्र काढून चहाच्या खोलीतील फ्रिजवर चिकटवीत असे. पुढे मनुष्यबळ विभागाच्या श्रीमती हर्षदा यांना ती आवडली व कंपनीच्या अंतर्गत ऑनलाइन पत्रिकेत येऊ लागली. मला 'आनंददूत' असे लिहिलेला कपही मिळाला. चित्रे सर्वांनाच आवडत, कारण प्रत्येकाला ती शेजारच्याबद्दल वाटत. आमचे व्यवस्थापक श्री. रुचिर यांनी 'काहीही न ऐकता मान डोलावणारा साहेब' हे चित्र कापून स्वतःच्याच टेबलावर लावले आहे. ते वरच्या मजल्यावरच्या साहेबांचे आहे अशी त्यांची खात्री आहे. ती दूर करण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

३. व्यंगचित्रकार राईचा पर्वत करतो असा सर्वसाधारण समज आहे. संगणक कंपनीत नेमके उलटे करावे लागते, ही बाब कृपया नोंदवून घ्यावी. चित्र क्र. १२ मध्ये बैठका कमी करण्यासाठी दोन बैठका होतात असे दाखविले आहे. प्रत्यक्षात चार झाल्या व पाचवीत त्या चारांचा आढावा झाला. पण चार काढल्या असत्या तर वाचणारे म्हणाले असते, काहीतरीच! चित्र क्र. १९ मध्ये एका मुलीला कामाच्या ताणावरील उपाय म्हणून 'ताण कसा घालवावा' या विषयावर सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षण दिले जाते. ती मुलगी मी होते, आणि शेवटी त्या प्रशिक्षणाची परीक्षाही होती. ती मी चित्रातून वगळली. सारांश, माझ्या चित्रांत जे खोटे आहे ते बहुतेक खऱ्याची धार कमी करण्यासाठी घातलेले आहे. शेळी त्यातलीच.

४. श्री. तुषार लोहकरे हे कुणे गावाच्या पुढे, राजमाचीच्या वाटेवरील एका वाडीत राहतात. त्या वाडीतून संगणकाच्या नोकरीत आलेले ते पहिले. ग्राहकांच्या यंत्रणा बंद पडल्या की त्या चालू करून देणे हे त्यांचे काम असून त्याबाबत आजवर एकही तक्रार नाही. कंपनीने बसायच्या जागा कमी केल्यापासून आम्हांस आठवड्यातून तीन दिवस घरून काम करावे लागते. तुषार यांच्या घरात मोबाईलची रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते. त्या कोपऱ्यात त्यांची शेळी बांधलेली असते. म्हणून ते शेळीच्या शेजारी बसून काम करतात. या प्रकरणात शेळीचा एवढाच काय तो खरा संबंध.

५. त्यांचे वडील नवसूभाऊ हे मार्च २०२४ मध्ये घराची कौले परतताना छपरावरून पडले. तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आई सारजाबाई यांना एकटीने ते उचलवत नाहीत. तुषार उचलतात, पुसतात, अंथरूण नीट करतात. याला दहा मिनिटे लागतात. डिसेंबर २०२४ पासून कंपनीत असा नियम आला की माऊस पाच मिनिटे हलला नाही तर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, व पिवळा ठिपका दिवसात तीनदा झाल्यास अर्धा दिवस गैरहजेरी. पाच आणि दहा यांच्यातला फरक आपणांस सांगणे नलगे.

६. आमच्याकडे रोज सकाळी उभ्याने बैठक होते. प्रत्येकाने काल काय केले, आज काय करणार व कामात अडथळा काय, अशा तीन गोष्टी सांगायच्या. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांनी 'काही नाही' म्हणायचे, ही रीत नवीन माणसाला कोणी शिकवत नाही, ती आपोआप कळते. तुषार यांना चार वर्षांत कळली नाही. जानेवारीत त्यांनी सरळ सांगितले, "माझ्या बाबांची कूस बदलायला दहा मिनिटं लागतात. तेवढी मला सूट द्या." श्री. रुचिर म्हणाले, "चांगला मुद्दा आहे, याचं तिकीट काढू या." आमच्याकडे कोणत्याही बिघाडाची जी क्रमांकित नोंद होते तिला तिकीट म्हणतात. त्याप्रमाणे 'वडिलांची कूस' या नावाचे तिकीट निघाले. निकड : कमी. जबाबदार व्यक्ती : तुषार लोहकरे. पुढे यंत्रणेने त्यांनाच तीन स्मरणपत्रे पाठविली, आणि 'संबंधिताकडून प्रगती न झाल्याने' तिकीट आपोआप बंद झाले.

यावर मी चित्र क्र. ३१ काढले. दोनशे चौदा जणांना ते आवडले. पहिली पसंती तुषार यांचीच होती, त्यामुळे मला वाटले, बरे झाले, माणूस हसला.

७. एप्रिलमध्ये चहाच्या वेळी मी त्यांना विचारले, आता ठिपक्याचे काय करता? त्यांनी मला खरे ते सांगितले व वर म्हणाले, "ताई, हे मात्र काढू नका हं." मी शब्द दिला आणि चौदा दिवसांत मोडला. विषयच तसा हाती लागला होता, आणि सोमवार तोंडावर होता. मोडताना मी स्वतःची समजूत अशी घातली की खरी व्यक्ती बदलून तिथे शेळी घातली म्हणजे कोणाला काही कळणार नाही. चित्र क्र. ३७ चे वर्णन पुढीलप्रमाणे : चौकट एक, डोंगरावरील एक तरुण शेळीच्या शेपटाला माऊस बांधतो. चौकट दोन, तरुण दुसरीकडे कामात, शेळी चरते आहे, ठिपका हिरवा. चौकट तीन, शेळीला 'या महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून प्रमाणपत्र मिळते. यातील विनोद असा की कंपनी काम मोजत नाही, हालचाल मोजते. विनोद समजावून सांगावा लागणे ही नामुष्की आहे, परंतु प्रकरण त्या थराला गेले आहे.

८. जूनमध्ये हजेरीच्या तपासणीत असे निघाले की तुषार यांचा माऊस दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटे नुसता इकडून तिकडे फिरतो, एकही अक्षर टंकले जात नाही. तेव्हा कोणास तरी चित्र क्र. ३७ आठवले. कंपनीचे दोन अधिकारी गाडी घेऊन वाडीवर गेले. सारजाबाईंना वाटले, जनावरांच्या लसीकरणाचे लोक आले. त्यांनी चहा ठेवला व शेळी सोडून पुढे आणली. शेळी कॉम्प्युटरजवळ असते का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "व्हय की, तितंच बांदल्याली आसती. लय शानी हाय." कंपनीच्या अहवालात यावरून 'शेळी प्रशिक्षित असल्याचे मातेने मान्य केले' असे नमूद आहे. शेळीची दोन छायाचित्रे, समोरून व बाजूने, उत्तरासोबत जोडली आहेत. लस टोचायची राहिली म्हणून सारजाबाई अजून अधूनमधून विचारतात.

९. त्यानंतर 'प्राण्याच्या साहाय्याने उपस्थितीची बनवाबनवी' असा आरोप ठेवून दि. २० जून रोजी तुषार यांना निलंबित करण्यात आले. कंपनी आपल्या उत्तरात पुढे असेही म्हणते की तुषार हे कामगारच नाहीत, ते 'मेघवेध परिवाराचे सदस्य' आहेत, सबब आपल्या कार्यालयास अधिकार नाही. परिवारातील सदस्याला नोटीस देऊन घराबाहेर काढण्याची पद्धत कोणत्या परिवारात असते, हे आपणच पाहावे. मी माझ्या चित्राचा खुलासा लेखी दिला असता, सर्व चित्रांचे हक्क कंपनीकडे असून त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार मला नाही, असे श्रीमती हर्षदा यांनी मला कळविले. नंतर जिन्यात भेटल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अपूर्वा, मला कळतंय गं. पण तू यात पडू नकोस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, हे मी लिहिणे योग्य नाही, पण लिहिते.

१०. आता मुख्य मुद्दा. शेळीने माऊस हलविला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. मग कोणी हलविला, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे खरे उत्तर शेळीपेक्षा महागात जाणारे आहे. कंपनीचे यंत्र बाहेरच्या व्यक्तीच्या हाती देणे हा आमच्याकडे सर्वांत मोठा गुन्हा समजला जातो. त्यात तडकाफडकी बडतर्फी होते व तसा शेरा पुढे प्रत्येक कंपनीच्या चौकशीत येतो. म्हणून तुषार आजवर गप्प राहिले. गेल्या रविवारी मी वाडीवर गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, शेळीच राहू द्या. शेळीपायी नोकरी जाईल. खरं सांगितलं तर पुढची पण मिळायची नाही."

त्यावर सारजाबाई आतून बाहेर आल्या. तोपर्यंत त्यांना शेळीवर काय आळ आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. सगळे ऐकून घेऊन त्या मला म्हणाल्या, "शेरडीनं काय केलंय? म्या हलीवलं त्ये. ह्यो बापाला उचलाया गेला की म्या हितं बसायची. बटनाला कंदी हात लावला न्हाई. नुसतं सरकवायचं, हिकडून तिकडं. पाच म्हैने त्यो हिरवा दिवा इजू दिला न्हाई." मग त्यांनी घोंगडीवर तळहात ठेवून कसे सरकवायचे ते करून दाखविले. अगदी सावकाश, तान्ह्या मुलाला थोपटावे तसे. मी विचारले, मावशी, तुमचं नाव आलं तर तुषारची नोकरी कायमची जाईल, लिहू का? त्यांनी नवसूभाऊंकडे पाहिले. नवसूभाऊ भिंतीकडे तोंड करून होते. ते तसेच म्हणाले, "लिवा. तिनं केलंय त्ये तिच्या नावावर ऱ्हाऊ द्या." तुषार उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी संमतिपत्रावर सही केली.

११. महोदय, मला माझ्या विनोदाची लाज वाटते. जे ऐकून कार्यालयातील दोनशे माणसांनी उठून उभे राहायला हवे होते, ते मी त्यांना हसून विसरता येईल असे करून दिले. प्रत्येक दुसऱ्या सोमवारी आम्ही हसलो आणि मंगळवारी पुन्हा 'अडथळा काही नाही' म्हणालो. चित्रे नसती तर कोणीतरी भांडले असते, असे मी म्हणत नाही. कदाचित नसतेही भांडले. पण मी तर भांडू शकत होते, आणि मी शेळी काढली. या अर्जाची प्रत कंपनीस देत आहे. माझे काय व्हायचे ते होवो, कप मी परत केला आहे.

१२. तरी दि. २१ ऑगस्ट रोजीच्या सुनावणीत माझी पुढील विनंती विचारात घ्यावी. चित्रे पुरावा म्हणून फेटाळावीत अशी माझी मागणी नाही. ती जरूर घ्यावीत, परंतु त्यांतील प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात याहून वाईट होती असे समजून घ्यावीत. बंद झालेले 'वडिलांची कूस' हे तिकीट उघडण्याचे निर्देश कंपनीस द्यावेत व ते तुषार सोडून अन्य कोणाच्या तरी नावावर टाकावे. आणि आरोपपत्र, पाहणी अहवाल, कंपनीचे उत्तर व त्यापुढील सर्व कागदपत्रांत जेथे जेथे 'शेळी' असा शब्द आला आहे, तेथे तेथे 'आई' असे वाचण्यात यावे.

आपली नम्र आणि या सगळ्यास काही अंशी कारणीभूत,

(सही)
अपूर्वा माधवराव ओझरकर
लोणावळा, दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) चित्र क्र. ३१ व ३७ च्या मूळ प्रती.
२) 'वडिलांची कूस' या तिकिटाची नोंद, बंद झाल्याच्या शेऱ्यासह.
३) श्री. तुषार नवसू लोहकरे यांचे संमतिपत्र.
४) सौ. सारजाबाई नवसू लोहकरे यांचे निवेदन. (त्यांना सही येत नाही. अंगठा घेण्यासाठी शाई पुढे केली असता त्यांनी उजव्या हाताचा पूर्ण पंजा उमटविला. "अंगट्यानं कुटं हलीवलं म्या? हातानं हलीवलं" असे त्यांचे म्हणणे आहे. ठसा कागदाबाहेर गेला आहे. तसाच स्वीकारावा.)