ळ कोरणारं यंत्र

तात्यापारा, रायपूर
मंगळवार

आदरणीय अच्युतदादा,

तुम्हाला वाकून नमस्कार करायचा तर जमिनीवर तेवढी मोकळी जागा पाहिजे. ती सध्या आमच्या घरात नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर? माझं बीपी डॉक्टरांच्या मते ठीक आहे (डॉक्टरांनी आमची बैठकीची खोली पाहिलेली नाही). तुमची बहीण ठणठणीत आहे, आणि काळजीचं कारण नेमकं तेच आहे. हे पत्र तिच्या नकळत लिहून राहिलो. फोनच केला असता, पण घर लहान आणि तिचे कान कसे आहेत ते तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

सरळच सांगतो. वनमाला घरात लाकूड कोरणारं यंत्र बांधून राहिली आहे. सीएनसी म्हणतात त्याला. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, की तीन मोटारी मिळून एक गरगर फिरणारं पातं पुढे-मागे, आडवं आणि वर-खाली नेतात आणि तेच अक्षर लाकडात कोरून देतात. तयार विकत मिळतं. पण सिंचन विभागात चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या बाईला तयार काहून चालेल? लहानपणी तुम्ही रेडिओ उघडायचे ते पाहून तिला हा नाद लागला, असं ती सांगते. म्हणजे थोडा दोष तुमच्याकडेही येतो (राग मानू नये).

याची सुरुवात समता कॉलोनीत झाली. तिथे देवश्री नावाची मुलगी नजर नसलेल्या लेकरांना बोटांनी वाचायला शिकवते. तिच्याकडे राधिका नावाची सात वर्षांची पोट्टी येते. आईवडील वर्ध्याकडचे, राजधानीच्या ऑफिसात बदलून आलेले. पोरगी ब्रेल शिकतेच आहे, पण तिच्या आजीचा हट्ट असा की आपली मराठी अक्षरं दिसतात कशी, हे नातीच्या बोटाला कळलं पाहिजे. बाजारात खोदीव अक्षरांच्या लाकडी पाट्या मिळतात, पण त्या हिंदीच्या. त्यात ळ नाही. आणि पोरीचं आडनाव काळे! देवश्रीने हे वनमालेजवळ सहज बोलून दाखवलं, आणि ही तिथल्या तिथे म्हणाली, "मी बनवून देते." आधी पटाशीने कोरायला बसली. दोन दिवसांत अर्धा ळ झाला आणि अंगठ्याला तीन टाके पडले. तिसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरसमोर बसलेली दिसली, तेव्हाच मी ओळखलं, आता काही खरं नाही.

मग पार्सलं येऊ लागली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आट्यांचे लांब दांडे, मोटारी, आणि वायरी, वायरी, वायरी. जेवणाचं टेबल यंत्राने घेतलं. आम्ही पलंगावर ताट ठेवून जेवतो (वरणाचा डाग चादरीवर आहे, त्याचा दोष मात्र माझ्याकडे). मी आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पावत्या फाडल्या. बल्ब बदलायचा तरी मी पूर्ण घराचा मेन स्विच बंद करतो. अशा माणसाला तिने काम काय दिलं, तर बॅटरी धरून उभं राहायचं. मी रबरी चपला घालून उभा राहायचो. ती चष्मा नाकावर सरकवून लाल-निळ्या वायरी जोडायची आणि मधूनच पुटपुटायची, "ही की ती?" दादा, विजेचं काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून "ही की ती" ऐकण्याइतकं भयंकर काही नाही.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मोटार फिरलीच नाही, जागच्या जागी थरथरत किंचाळली. चार वायरींपैकी दोघींची जोडी चुकली होती म्हणे. ती चूक सुधारली, तर यंत्राच्या सांगाड्याला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. मी तेव्हाच म्हटलं, गुंडाळ हे सगळं. तिने शार्दूल इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हा आपल्याच मराठी घरातला, पण मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देतो. त्याने प्लगमध्ये डोकावून शांतपणे सांगितलं, "आंटी, ये तीसरा छेद तो शोभा के लिए है." म्हणजे एकोणीस वर्षं आमच्या घराला अर्थिंगच नव्हतं, आणि मी त्याच प्लगवर पाणी तापवून राहिलो होतो! त्या दिवसापासून मला आंघोळीचीही धास्ती वाटते. मग अंगणात खड्डा खोदून, कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग केलं. शेजारच्या कांताबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काहून खोदून राहिले भाऊ, आंबा लावता का?" मी म्हटलं, हव. एवढं समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

आणि मागच्या बुधवारी यंत्र चाललं. पहिलं अक्षर अर्थातच ळ. दादा, मी विरोधक आहे, पण खोटं बोलणार नाही. लाकडातून तो ळ वर येताना पाहून माझ्या अंगावर काटा आला. वनमालेने डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. गुरुवारी तिने मोठी फळी लावून क, ख, ग, घ एका दमात कोरायला घातले. चौघेही उलटे आले, आरशात दिसतात तसे! एक मोटार आधीपासून उलटी फिरत होती. पण ळ हे अक्षरच असं की दोन्हीकडून जवळपास सारखं दिसतं, त्यामुळे त्याने आम्हाला पत्ता लागू दिला नाही.

शुक्रवारी सकाळी तिने त्या मोटारीच्या वायरी अदलाबदल केल्या. दिशा सुधारली, पण टोकाला पोचल्यावर मोटार थांबवणारं छोटं बटण आता भलत्याच टोकाला राहिलं होतं. यंत्र सुरू झालं, कडेला गेलं आणि थांबेचना. सांगाड्याला धडका देत घरघरायला लागलं. ती पाहायला वाकली, कमरेला खोचलेला पदर सुटला आणि फिरत्या पात्याने तो धरला. मी पाहिलं ते एवढंच, की पदर भराभर गुंडाळला जात होता आणि वनमालेचा खांदा खाली ओढला जात होता. यंत्राला थांबवायचं मोठं लाल बटण होतं. मी ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ती ओरडली, "अहो, मेन!" दारामागचा मेन स्विच चार पावलांवर आहे. ती चार पावलं मी कशी गेलो, मले आठवत नाही. पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळं गप्प झालं. तिचा गाल पात्यापासून वीतभर होता.

मी कात्रीने पदर कापला. ती जमिनीवर बसून म्हणाली, "लाल बटण बसवलं होतं. जोडायचं राहिलं होतं."

तेव्हा मोठे भाऊ या नात्याने तुम्ही तिला कडक शब्दांत लिहावं, की हे यंत्र ताबडतोब मोडून टाक. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल. वहिनींना नमस्कार सांगावा, आणि भीतीने अर्ध्या झालेल्या या माणसावर लोभ असावा.

आपला,
प्रल्हाद

ता.क. तिला कडक लिहू नका. खरी गोष्ट मी वर लिहिली नाही. शुक्रवारपासून तिने यंत्रावर चादर टाकली आहे आणि हातही लावलेला नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण ती दिवसभर खिडकीशी बसते, अर्ध्या पोळीवर उठते, काल देवश्रीचा फोन आला तर "नाही जमणार बाई" म्हणाली. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य तिने कधी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हा जमलं तर उलटंच लिहा.

दुसरं ता.क. (गुरुवार) पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. काल ती भाजी आणायला गेली तेव्हा मी मेन स्विच बंद करून, तिच्याच वहीतली आकृती पाहून, ते लाल बटण स्वतः जोडलं. मी, दादा! दोन वायरी, दीड तास. आल्यावर तिने तपासलं आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा हसली. मी उलटं जोडलं होतं. बटण दाबून धरलं तरच यंत्र चालतं, सोडलं की बंद. मी म्हटलं, दुरुस्त कर. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "राहू द्या असंच. तुम्ही भ्यायले की हात सुटते, हात सुटला की मशीन बंद. याच्यापेक्षा चांगलं बटण मिळत नाही." साडीऐवजी आता ती तुमच्या भाचीचा जुना कुर्ता घालून, ओढणी न घेता काम करते. मी शेजारी बसून बटण दाबतो.

तिसरं आणि खरं ता.क. (शनिवार, कुरियरने धाडतो.) एका अक्षराला बावीस मिनिटं लागतात. क पासून ध पर्यंत झालं, सगळी सरळ तोंडाने (ढच्या वेळी मला शिंक आली, तो दोनदा कोरावा लागला). लाकूड संपलं आहे, नवं बुधवारी येणार, आणि नेमकं बुधवारी मला बारशासाठी अभनपूरला जाणं भाग आहे. बटण धरायला शार्दूल तयार आहे, पण वनमाला नको म्हणते. तो विजेला भीत नाही, म्हणून. भिणाराच माणूस तिला पाहिजे. वीज मंडळात जन्म जाऊनही घरचा फ्यूज बदलताना तुम्ही देवाचं नाव घेता, हे वहिनींनी आम्हाला मागेच सांगितलं आहे. तेव्हा मंगळवारच्या गाडीने निघाच. बुधवारी सकाळी न पासून सुरू करायचं आहे.