उरलेली पानं सुजीतने वाचावीत

मी, जमना वामन तामोरे, वय सत्तरीच्या पुढे, राहणार दांडी, तालुका पालघर, धंदा मासळी सुकवून विकणे, शिक्षण चौथी, हे माझं मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजही काढून घेतला, आणि गाठ तेवढी परत आली. हे लिहायला मला कोणी धमकावलेलं नाही. गोड बोलूनही कोणी लिहून घेतलेलं नाही. तेवढी कोणाची छाती नाही.

पहिली अट. हा कागद माझा मुलगा सुजीत याने त्याची मुलगी हेमांगी हिच्यासमोर मोठ्याने वाचावा. वकिलाने वाचू नये. तिला दिसत नाही, मला बोलता येत नाही, उरला तोच. सुजीत, तुझ्याबद्दलचं आलं की गिळू नकोस.

राहतं घर हेमांगीचं. खाट, माठ, फडताळ तिला विचारल्याशिवाय कोणी हलवू नये. मेंदूज्वरात डोळे गेले तेव्हापासून तिचे पाय या घराला ओळखतात. पोस्टातली शिल्लक तिचीच, बोईसर स्टेशनावरून गाडीने विद्यापीठात जाण्यायेण्यासाठी. एवढं शिकून काय करणार, असं ज्याला वाटतं त्याने माझ्या तेराव्याला जेवू नये.

बोंबील सुकवायच्या काठ्या आणि मासळी वाळवायचं खळं माझी जाऊ मंगला हिला. या खळ्याच्या हद्दीवरून ती जन्मभर माझ्याशी भांडली, आता एकटीने भांडावं. मागीलदारचा काळा दगडही तिलाच. कारण लिहिते. हेमांगीने विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जुन्या बंदरांच्या इतिहासाचं ठिपक्यांचं पुस्तक आणलं होतं. ते बोटांनी वाचायचं असतं. तसं एकच होतं तिथे. घरात माठ लवंडला आणि ते भिजलं. मी बाजाराला गेले होते. मंगलाला माया आली. तिने पुस्तक बोंबलांशेजारी उन्हात घातलं, कडक वाळवलं, पानं वाकडी झाली म्हणून खारवलेल्या मासळीवर ठेवतो तसा तो दगड त्यावर ठेवला. ठिपके सगळे दबून सपाट झाले. हेमांगी बोटं फिरवायची, पान उलटायची, पुन्हा बोटं फिरवायची. मंगला म्हणते, "बघ, कसं सरळ करून दिलंय." पोरीने पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं, म्हणून मीही भांडण काढलं नाही. मंगला, दगड घे, पण त्याच्याखाली मासळीच ठेव.

पुस्तक परत करायला मी तिच्यासोबत गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. तिथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला, वाचून दाखवणारी यंत्रं, माणसांच्या आवाजात भरून ठेवलेली पुस्तकं. अशा मुलांसाठीचा तो विभाग सांभाळणारी चारुता दारापर्यंत आली. हेमांगीला धरून ओढलं नाही, आपलं कोपर पुढे केलं आणि हेमांगीने ते धरलं. आमच्या घरात इतक्या वर्षांत कोणाला हे सुचलं नाही. मला तर नाहीच.

त्या पुस्तकाची छापील प्रत होती, पण जुनी छपाई यंत्राला वाचता येईना. चारुता म्हणाली, "कोणी वाचून आवाज भरून दिला तर चालेल." मी म्हटलं, मी वाचते.

हेमांगी म्हणाली, "आजी, तू औषधाची बाटली पण वाचत नाय."

"औषध कडू असतं. पुस्तकाला काय झालंय?"

मग ती प्रत घरी आणली आणि रोज दुपारी ओटीवर बसून, ओळीखाली बोट ठेवून, हेमांगीच्या फोनमध्ये वाचून भरलं. मध्ये कावळे हाकलले तेही त्यात आहे. एवढ्या बंदरांत आमच्या दांडीचं नाव नव्हतं, ते मी घातलं. चारुता म्हणाली, "आजी, पुस्तकात नाही ते वाचू नका." मी म्हटलं, "नाय, म्हणून तर वाचते." इतर मुलांसाठी तिने ते साफ करून ठेवलं, ते तिचं काम. हेमांगीच्या फोनातलं मात्र कोणी साफ करू नये. कावळ्यांसकट राहू द्यावं.

थोडी पानं राहिली आणि घसा गेला.

बोटीतला माझा हिस्सा सुजीतला, पण उरलेली पानं वाचून त्याने चारुताकडे पोचती केल्यावरच. सुजीत, पोरीला ताप चढला तेव्हा तू समुद्रावर होतास. तुला कोणी बोल लावला नाही. तूच तिच्याशी बोलणं टाकलंस. जेवताना ती विचारते, "बाबा आले काय?" आणि तू तिच्या समोर ताटावर बसलेला असतोस, गप. मला म्हणालास, "आये, माझ्यानं तिच्याकडं बघवत नाय." नको बघू. तुझं तोंड तिला दिसणार नाही. आवाज सोडून तुझ्याकडे तिला द्यायला आहे काय?

छापील पुस्तक फडताळात आहे. मी थांबले तिथे खुणेला बांबूची चोय घातली आहे. तू सातवी पास, माझ्यापेक्षा बरा वाचशील. अडखळलास तर अडखळ. इथवर मोठ्याने वाचत आला असशील, तर तिने तुला ऐकलं आहे. आता घोटभर पाणी पी आणि फडताळ उघड.

हे सगळं माझं मी लिहिलं, पुन्हा वाचलं आणि खालच्या दोघांच्या समोर सही केली. अंगठा नाही, सही.

जमना वामन तामोरे

साक्षीदार:
१. चारुता, ग्रंथालयातली (सही)
२. खंडेराव, शेजारी, कारखान्यात फिटर (सही)

दांडी, ११ फेब्रुवारी २०२५