झारी कुणाच्या हाती

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुडघ्याची चौकशी कर, मग कामाचं लिही, असं बाबांनी बजावलंय. तेव्हा गुडघा कसा आहे? झालं, आता कामाचं.

शाळेमागे मोडकी बाकं टाकायची ती जागा आम्हा नऊ जणांना बागेसाठी मिळाली आहे. देखरेखीला इतिहासाच्या बाई आहेत, कारण मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा बाकीचे शिक्षक चटकन खाली बघू लागले आणि बाईंचं लक्षच नव्हतं. भिंतीपलीकडचे शिंपीकाका आणि समोरचे निवृत्त पोस्टमनकाका आपणहून मदतीला आले. चार शनिवार खणून माझ्या हाताला तीन फोड आलेत. दुकानात बी मिळतं, पण मला तुझ्या त्या चुण्याचुण्यांच्या टोमॅटोचंच हवं. चिमूटभर दे.

लोभ आहेच, या वेळी तो पुडीत बांधून यावा.

तुझी भाची,
खारू

११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आशीर्वाद.

गुडघा माझ्यापेक्षा हट्टी निघाला. दोन महिने तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नाही. नळ दुरुस्त करायला माणूस आला की मला पाहुणा आल्यासारखं वाटतं, यावरून काय ते समज.

बी पाठवते आहे, पण चिमूटभर नाही, सगळंच. रोपवाटिकेत नोकरीला लागले त्या वर्षी तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने मला हे दिलं. सव्वीस वर्षं दर हंगामाला मी ते धरत आले. विकत कुठेच मिळत नाही, आणि आता माझ्याकडे एक दाणाही उरलेला नाही. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देते. दडपण घेऊ नकोस. घेतलंस तरी चालेल.

बाबांना सांग, बहिणीची चौकशी मुलीकडून करवू नये. तुझे फोड बरे होवोत.

तुझी,
आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. तुझी रोपं मेली.

सगळी नाही. साठ उगवली होती, सात उरली आहेत. मी पाळ्यांचा तक्ता केला होता, रोज एकाने पाणी घालायचं. रोपं पिवळी पडून बुडाशी लोळायला लागली, तेव्हा बाईंनी सगळ्यांना बोलावून काल कोण विसरलं ते विचारलं. कुणीच कबूल होईना. मग त्यांनी उलट विचारलं, काल पाणी कुणी घातलं. नऊच्या नऊ हात वर गेले. भिंतीवरून शिंपीकाकांचा दहावा. पोस्टमनकाका म्हणाले, मी दुपारच्या फेरीत घालतो, पोरांचा काय भरवसा. बाई हळूच म्हणाल्या, मीही संध्याकाळी. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा विसरेल. रोपं मान टाकायला लागली तसे आम्ही आणखी ओतत गेलो. मी स्वतः दिवसातून दोनदा घालत होते, आत्या.

काल शाळेत रडले नाही, घरी येऊन रडले. तू सव्वीस वर्षं जपलंस आणि मी सव्वीस दिवसांत बुडवलं. रागाव, पण पत्र पाठव.

तुझी अपराधी,
खारू

१३ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आशीर्वाद.

दहावा हात वाचला आणि इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. रोपं पाण्यावाचून मेलेली मी खूप पाहिली. इतक्या माणसांच्या काळजीने मेलेली पहिल्यांदाच ऐकते आहे.

आता नाक पूस आणि कामाला लाग. सात रोपं उचलून उंच वरंब्यावर लावा. दोन पेरं बोट मातीत घालायचं, ओल लागली तर झारीला हात लावायचा नाही. आणि झारी एकाच्याच हाती द्या. तुमच्यात सगळ्यात आळशी कोण, ते शोधून त्याच्याच हाती. मेहनती माणसाला बागेत स्वस्थ बसवत नाही. रोपवाटिकेत आम्ही हेच करायचो.

एक जगलं तरी बी राहील. सात म्हणजे चैन आहे.

तुझी न रागावलेली,
आत्या

२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सातही जगली! आणि दहा दिवसांपूर्वी पहिली तोडणी झाली.

आळशी कोण यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. शेवटी बाईंनीच हात वर केला आणि पुरावा म्हणून मागच्या सहामाहीचे न तपासलेले पेपर दाखवले. बिनविरोध निवड झाली. बाई सुट्टीतही रोज खुर्ची टाकून वरंब्यापाशी बसतात, मातीत बोट घालतात आणि बहुतेक वेळा उद्या बघू म्हणतात. बाकीच्यांचे हात शिवशिवत होते, म्हणून शिंपीकाकांनी अस्तराच्या तुकड्यांचं सावलीचं छत शिवलं. पोस्टमनकाकांनी प्रत्येक झाडाला चिठ्ठी बांधून त्यावर पूर्ण पत्ता लिहिला, वरंबा, ओळ, डावीकडून तिसरं. झाडं हरवतील अशी भीती असावी.

सगळ्यात देखणे तीन टोमॅटो बियांसाठी ठेवले. वर्गात तीन दिवस पाण्यात आंबवले, तेव्हा शेजारच्या वर्गात भरणाऱ्या सुट्टीच्या शिबिराने लेखी तक्रार केली. बाकीचे शिंपीकाकांच्या कापायच्या टेबलावर मीठ लावून अख्ख्या गल्लीने खाल्ले. मला दोनच फोडी मिळाल्या. बी वाळलं आहे, माझ्या जिवात जीव आला आहे. तुला किती पाठवू?

लोभाच्या बाबतीत मात्र उद्या बघू म्हणू नये.

तुझी,
खारू

७ जून

चि. खारूस,
अ. उ. आशीर्वाद.

बी पाठवू नकोस. आधी एक कबूल करायचं आहे. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून दिलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. गुडघ्यापायी आता आपलं संपलं असं धरून त्या आठवड्यात मी कपाट आवरत होते. ती पुडी केराच्या टोपलीत टाकली होती. दुपारी तुझं पत्र आलं आणि मी ती उचलली.

कालपासून जिना उतरायचा सराव करते आहे. पहिल्या दिवशी एक मजला, आज दोन, मध्ये दोनदा बसले. रविवारी बाबांना गाडी घेऊन यायला सांग. बाईंच्या शेजारी आणखी एक खुर्ची टाका. मलाही त्या मातीत बोट घालून बघायचं आहे.

भेटीपर्यंत आशीर्वाद.

तुझी,
आत्या