परिच्छेद चार

६ जून, गुरुवार

सही खरीच निघाली! सहा वर्षं आम्ही कोर्टात ओरडतोय की दुकानाच्या बक्षीसपत्रावर बाबांची सही दादानं ठोकली. आज हस्ताक्षरतज्ज्ञ आला आणि थंडपणे सांगून गेला — सही बाबांचीच. दादा मागच्या बाकावर होता. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. बघितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

म्हणजे चष्म्याचं दुकान आणि वरची आमची खोली बाबांनी त्यालाच दिली. स्वतःच्या हातानं. बावीस वर्षं तिथं भिंगं घासली ती मी. दादा गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा.

७ जून

वकील म्हणाले, "एकच वाट उरलीय. सही खरी, पण सही करणारा भानावर नव्हता. तसं मांडायला दावा दुरुस्त करावा लागेल. कोर्टाकडे परवानगी मागू."

मग त्यांनी जुना दावा काढून परिच्छेद चार वाचला. 'वडील अखेरपर्यंत पूर्ण शुद्धीत होते व स्वतः सुईत दोरा ओवीत.' डोक्याला हात लावून बसले. वाक्य माझंच! शुद्धीतला बाप मुलीला असं वाऱ्यावर सोडेल का, हे कोर्टाला कळावं म्हणून मीच हट्टानं घालायला लावलेलं. "बाई, नको तिथं कौतुक करताय," असं ते तेव्हाच म्हणाले होते. मी कुणाचं ऐकते थोडीच.

१० जून

अडचण अशी — साक्षी सुरू झाल्यावर दुरुस्ती सहजी मिळत नाही. नीट चौकशी करूनही ही गोष्ट आधी कळणं शक्य नव्हतं, असं पटवावं लागतं. मला काय कळणं शक्य नव्हतं? एकाच टेबलाशी मी आणि बाबा, समोरासमोर. बाबा जायच्या आठ दिवस आधी मी घासलेलं भिंग त्यांनी उजेडात धरलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "पाव नंबर चुकलाय." चुकलाच होता.

वकिलांनी विचारलं, "घरात आणखी कोण असायचं?"

आई.

११ जून

आईला सांगितलं. प्रतिज्ञापत्रात तू लिहून द्यायचं ते असं — शेवटचं वर्षभर नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, लाजेपोटी मी मुलांपासून लपवलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला.

"पण ते तसे नव्हते गं."

"माहीत आहे मला."

"मग?"

मग काय! मग दुकान त्याचं, ही खोली त्याची, बांध बोचकं आणि जा त्याच्याकडे, वहिनी ओवाळायलाच उभी असेल. आईचं आणि वहिनीचं एक दिवस पटत नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच बोलले.

१४ जून

आई जेवली नाही. नाटकं.

१९ जून

प्रतिज्ञापत्र झालं. कारकून आईला वाचून दाखवत होता. 'पती मला ओळखत नसत' इथं आईनं मान वर केली. "हेपण?" कारकून थांबला. मी म्हटलं, "वाचा पुढं."

सही तिनं रेघ सोडून तिरकीच केली. वकील म्हणाले, असू दे, वय दिसतं.

२ जुलै

आज सुनावणी. दादाच्या वकिलानं — प्रत्येक प्रश्नाआधी खोकतो, म्हणून आमच्यात त्याचं नाव खोकला — आईला प्रश्न विचारायची परवानगी घेतली. मी तिला पढवून आणलं होतं. विचारतील तेवढंच बोल, खोलात शिरू नकोस.

खोकला म्हणाला, "आजी, ते तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?"

आईनं आधी न्यायाधीशबाईंकडे बघितलं. मग म्हणाली, "शेवटी शेवटी हाकच नाही मारली. कोण तुम्ही, विचारायचे. मी सांगायची. घटकाभरानं परत विचारायचे."

हे मी पढवलं नव्हतं! कुठून काढलं म्हातारीनं! न्यायाधीशबाईंचं लिहिणं थांबलं. दादा उठून बाहेर गेला. मला हसू आलं. खरंच आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी लागलं.

बाहेर आल्यावर आईला म्हटलं, छान बोललीस. तिनं पाणी मागितलं.

११ जुलै

मंजूर! आईनं लाजेपोटी लपवलं, हे कोर्टाला पटलं. दुपारीच मूळ दाव्यावर दुरुस्ती केली. लाल शाईनं करायची असते — जुनं खोडायचं, नवं लिहायचं, बाजूला सही. कारकून म्हणाला, मी करतो. म्हटलं, आणा इकडे. पट्टी लावून परिच्छेद चारवर रेघा मारल्या. 'सुईत दोरा' तेवढं अजून वाचता येत होतं. त्यावर परत एकदा मारली.

१५ जुलै

दादा आला. सहा वर्षांत जिना चढला नव्हता. बसला नाही.

"अर्धं दुकान तुझं. खोली पूर्ण तुझी. उद्या कोर्टात लिहून देतो. फक्त बाबांबद्दलचं ते काढ."

मी म्हटलं, "जिंकत असताना अर्ध्यावर कोण थांबतं?"

तो आईकडे बघत राहिला. आई भिंतीकडे. जाताना दारातून म्हणाला, "तू आणि बाबा, दोघांनी मला त्या टेबलाशी कधी बसू दिलं नाहीत. तरी माझ्या हातून हे लिहून झालं नसतं."

वाईट वाटलं. इथं खोटं कशाला लिहू. पण बाबांनी सही करताना मला विचारलं होतं का?

१६ जुलै

आई दादाकडे गेली. औषधांची पिशवी तेवढी घेतली. न्यायला वहिनी आली होती, तिच्याच हाताला धरून उतरली. चार दिवसांत कंटाळून परत येईल.

२३ जुलै

आईनं कोर्टात अर्ज दिलाय. प्रतिज्ञापत्र मागं घेते म्हणते. मुलीनं पढवलं असं लिहिलं असतं, तर मी तुरुंगात गेले असते. दोनदा वाचला — माझं नाव कुठंच नाही. कारण एका ओळीत दिलंय: सही केली तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.